ऑपरेशननंतर हाड सुधारतं म्हणून गुडघा दुखायचा थांबतो?

कातळ: कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. 'फेंगडा पाय सरळ करायच्या ऑपरेशननंतर हाड पुन्हा निरोगी होतं, म्हणून दुखणं जातं. पुढच्या एक्सरेत हाड सुधारलेलं दिसलं नाही तर ऑपरेशन फसलं समजा.' आणि खाली सगळे हात जोडून 'छान माहिती'!

अहो, नडगीचं हाड कापून कोन बदलला की आतल्या, झिजलेल्या बाजूवरचा भार बाहेरच्या बाजूला सरकतो. हाड जुळलं, पायावर पूर्ण वजन टाकता आलं की बहुतेकांचं मूळ दुखणं बरंच उतरलेलं असतं. आतल्या बाजूला घट्ट झालेलं, एक्सरेत पांढरं दिसणारं हाड मात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे सावकाश विरळ होत जातं. भार बदलला की हाड स्वतःची घडण बदलतं, हे जर्मन सर्जन वोल्फनं 1892 मध्येच मांडलंय. म्हणजे आधी भार, मग हाड. एक्सरे बघून 'अजून दुखायलाच हवं' म्हणणार का?

शेवंती: 'हाडाचा संबंधच नाही' हे तुमचं टोकही तितकंच चुकीचं. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, नसाच नसतात. मग दुखतं काय? कूर्चेखालचं हाड, सांध्याचं अस्तर, हाडावरचं आवरण. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात सुजेसारखे डाग दिसतात, त्यांचा वेदनेशी संबंध 2001 पासून दाखवला गेलाय. भार कमी झाला की ते डागही लहान होऊ शकतात. एक्सरेत ते दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच का?

कातळ: संबंधच नाही असं मी कुठे लिहिलंय? तोंडात शब्द कोंबू नका.

अण्णा६०: तुमचं चालू द्या. माझ्या आईच्या गुडघ्याची वाटी बदलली, म्हणजे झिजलेल्या सांध्याजागी कृत्रिम सांधा बसवला. एक्सरे असा की भिंतीवर लावावा. सर्जन खूश, आम्ही खूश, आई सोडून. जिना उतरताना अजून कठडा दोन्ही हातांनी धरते. विचारलं तर उत्तर काय, 'आजी, सगळं मनात असतं.'

शेवंती: मनात नाही हो. वाटी बदललेल्या दहांपैकी एक-दोघांना तरी दुखणं राहतं. वर्षानुवर्षे दुखत असलं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. धातू बसवला म्हणून ती लगेच शांत होत नाही.

रानवाट: अण्णा, गुडघ्याखाली उशी ठेवत होतात ना? खरं सांगा.

अण्णा६०: ठेवत होतो. तिला बरं वाटायचं. मग?

रानवाट: तिथेच माती खाल्लीत. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, पूर्ण सरळ होत नाही, मग प्रत्येक पावलाला मांडी राबते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. पण आपल्या घरात 'आईला त्रास नको' म्हणून व्यायामही बंद आणि फिजिओथेरपिस्टही बंद.

अण्णा६०: रात्री कण्हणारी आई तुम्ही सांभाळलीत का? नसेल तर उशीवरून अक्कल शिकवू नका.

रानवाट: सासूबाई सांभाळल्यात. उशी काढली म्हणून आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी. आता मंडईत माझ्यापुढे चालतात.

कातळ: धागा उशीचा नाही.

पिंपळपान: व्यायामानं सगळं बरं होतं. ऑपरेशन म्हणजे धंदा.

शेवंती: आले! 2015 च्या चाचणीत शंभर रुग्ण होते. निम्म्यांना व्यायाम, आहार, औषधं. निम्म्यांना तेच सगळं, वर वाटीबदल. वर्षभरात वाटीबदलाच्या गटाला आराम जास्त पडला, गंभीर गुंतागुंतीही जास्त झाल्या. पण दुसऱ्या गटातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही. दोन्ही बाजूंना मिरवता येईल असा निकाल आहे, तुम्ही निम्माच घेताय.

पिंपळपान: आणि दुर्बिणीचं ऑपरेशन? 2002 मध्ये नुसत्या चिरा देऊन टाके घातले, तरी खऱ्या ऑपरेशनइतकाच आराम. हाडाला कुणी हातही लावला नव्हता!

शेवंती: घ्या, एकदाचं काहीतरी बरोबर बोललात. पण ती दुर्बीण होती, वाटी नव्हे.

कातळ: आणि यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. तिथे हाड होतं तसंच राहिलं, तरी लोकांना बरं वाटलं.

शेवंती: अर्धा. एक्सरेवरून दुखणं मोजू नये, हे मान्य, नाइलाजानं. पण डागांचं तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

अण्णा६०: रानवाटताई, इतक्या उशिरा उशी काढून काही फरक पडतो का? रागानं विचारत नाही.

रानवाट: आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, गुडघा किती अंश सरळ होतोय ते मोजून घ्या. आणि आईंना विचारा, जिना उतरताना नेमकं कुठे दुखतं, पुढे की मागे.