लिटल मोरटन हॉल वाकडा का दिसतो

कुणीतरी विचारलंय की इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातलं लिटल मोरटन हॉल हे जुनं घर पाया खचल्यामुळे वाकडं झालं का, तर मला वाटतं खरा भार वरून आलाय. बांधकाम १५०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झालं, ओकच्या लाकडाचा सांगाडा, भोवती पाण्याचा खंदक, आणि मग मोरटन घराण्याच्या पुढच्या पिढ्या जोडकाम करत गेल्या. त्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर लाँग गॅलरी, म्हणजे एक लांबलचक दालन, चढवली, जवळजवळ २१ मीटर लांब, त्यावर छताला कौलं नाहीत तर दगडाच्या जड फरशा! एवढं ओझं खालच्या लाकडांवर आलं आणि भिंती फुगल्या, जमिनी तिरक्या झाल्या, पण घर उभंच आहे.

मला सगळ्यात आवडते ती अंगणाकडची खिडकी. तिच्यावर १५५९ साल कोरलंय, मालक विल्यम मोरटनचं नाव आहेच पण रिचर्ड डेल या सुताराने स्वतःचंही नाव कोरलंय, की देवाच्या कृपेने या खिडक्या मी केल्या. कारागिराला असा मान क्वचितच मिळतो हो.

आणि ते काळं-पांढरं रूप मूळचं नाही बरं का, लाकडाला काळा रंग १९व्या शतकात दिला, आधी ओक तसाच उघडा, रुपेरी करडा पडलेला असायचा. १९३८ पासून घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि ग्रेड वन, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या यादीत आहे, म्हणजे परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही.