मदत हवी आहे: नेटवर्क रॅकच्या पत्र्याला करंट, अर्थिंगसाठी वेगळा खड्डा घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचं ऑफिस आहे. भिंतीवर १२यू मापाचा रॅक, त्यात २४ पोर्टचा पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) स्विच, राउटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, खाली यूपीएस. परवा पॅचकॉर्ड बदलताना ऑफिसमधल्या पोराने रॅकची कड धरली आणि झटका बसून हात मागे घेतला. टेस्टर लावला तर पत्र्यावर मिणमिणला. पोरगा ठीक आहे, पण माझी झोप उडाली आहे.

मीटर लावला. रॅकच्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११४. मेन बोर्डावर मात्र न्यूट्रल-अर्थ जेमतेम दीड. म्हणजे मधे कुठेतरी हिरवी (अर्थची) वायर तुटली आहे. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून बॉडीवर येणाऱ्या करंटला जायला वाटच उरलेली नाही.

वायर पीओपीच्या छतावरून गेली आहे. पहिला इलेक्ट्रिशियन म्हणाला, सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ लूप मारतो, म्हणजे दोन्ही एकत्र जोडतो. त्याला हात लावू दिला नाही; उद्या न्यूट्रल सुटला तर अख्खा रॅक २३० व्होल्टवर जाईल. दुसरा म्हणतो, मागच्या गल्लीत नवा खड्डा घेऊन वायर थेट रॅकला देतो, बिल्डिंगच्या अर्थिंगला जोडायचीच नाही. हे बरोबर आहे का? काम शनिवारी करायचं आहे.

प्रतिसाद:
सुटा खड्डा नको. त्याचा रेझिस्टन्स ५ ओहम धरला तर फेज बॉडीला लागल्यावर फार तर ४६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) झटकन पडायला किमान ८० लागतात. बोर्डात आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर एमसीबी पडेपर्यंत पत्रा जिवंतच. शिवाय जवळ वीज पडली की दोन अर्थिंगमधला फरक लॅन केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतात. छत फोडायलाही नको. बोर्डापासून भिंतीवरून केसिंग-कॅपिंगमध्ये (झाकणाच्या प्लास्टिक पट्टीत) तिन्ही वायरी नव्या ओढा, अडीच स्क्वेअर एमएमच्या. रॅकच्या अर्थ बोल्टखालचा रंग खरवडून स्टार (दातेरी) वॉशर घाला, दरवाजाला वेगळी जंपर (जोडवायर) द्या. आणि शनिवारपर्यंत थांबू नका, रॅक आजच बंद करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. रॅक लगेच बंद केला, काल वायरी ओढून झाल्या. आरसीसीबी नव्हता, तोही बसवला. अर्थ बोल्ट उघडला तर नट नुसता पावडर कोटिंगवर आवळलेला होता, खालचं लोखंड कधी उघडं केलेलंच नव्हतं. आता सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ १.८, आणि पत्र्यावर टेस्टर पेटत नाही.