सीएनसीवर स्कॅनिंग: कास्टिंग असेल तर प्रोबसुद्धा नको
सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) एखाद्या पार्टचा आकार स्कॅन करून कॉपी करायचा तर लेझर स्कॅनरशिवाय जमणार नाही असं म्हणतात, ते काय पटलं नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत कॉपी करायला येतं ते बहुतेक कास्टिंगच (ओतीव पार्ट), म्हणजे धातू, त्यातून करंट जातोय, मग वेगळा प्रोब (टेकून मोजणारा सेन्सर) कशाला? जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टूल टेकेपर्यंत खाली नेणारी जी३८.२ कमांड आहेच की, अर्डुइनो उनो या कंट्रोल बोर्डच्या ए५ पिनची वायर जॉबला (त्या पार्टला) क्लिप करा, ग्राउंड टूलला, टेकलं की झेड, म्हणजे तिथली उंची, नोंद होतंय. फक्त जॉबखाली लाकडी फळी घाला, नाहीतर बेडमधूनच सर्किट पुरं होतंय, आणि गंज-रंग घासून काढा.

वेळ मात्र लई खातंय, १०० बाय १०० मिमीला १ मिमी अंतराने १०,२०१ पॉइंट, एकेकाला ४ सेकंद धरले तरी ११ तासांच्या वर, त्यात मधेच करंट गेला तर बसा बोंबलत! अंडरकट (वरून टूल पोचत नाही असे आत गेलेले भाग) तर यात येतच नाहीत.