केचावा: कॅथेड्रलचा साचा ठेवला ते बरोबर की चूक?

गवंडीकाम: अल्जीरियाची राजधानी अल्जियर्स, तिथल्या कसबामधल्या (जुन्या तटबंदीच्या शहरातल्या) केचावा मशिदीबद्दल "मशिदीचं चर्च केलं, १९६२ला परत मशीद झाली" एवढंच सांगितलं जातं. फ्रेंचांनी १८३२ साली ताबा घेतला, सेंट फिलिपचं कॅथेड्रल केलं आणि १८४५पासून जुनी इमारत पाडून नवी उभारली. म्हणजे आज दिसते ती अल्जियर्सचा शासक हसन पाशा याची १७९४ची मशीद नव्हे, ती चर्च म्हणूनच बांधलेली वास्तू. २०१८ला संपलेल्या तुर्की दुरुस्तीत दोन्ही बुरूज राखले, हे माझ्या मते योग्य झालं.

किब्ला_रेषा: साफ असहमत. बुरूज राहू द्या एक वेळ, पण आतलं काय? चर्चचं दालन लांबट, खांबांच्या ओळींनी तुकडे पडलेलं. नमाजाच्या सफा (रांगा) आडव्या पसरायला हव्यात. इथे त्या तोकड्या होतात, नि खांबामागे बसलेल्याला मिंबर (प्रवचनाचं व्यासपीठ) दिसत नाही. जवळच अली बिचिनची १६२२ची मशीद आहे, मधला घुमट कसा असतो ते तिथे बघा. तसं करायची संधी घालवली.

गवंडीकाम: अली बिचिन तुमच्यावरच उलटते. तीही १८४३पासून १९६२पर्यंत चर्च होती, पण पाडली नव्हती; वरची भर काढली की मूळ हाती लागतं. केचावात मूळचे थोडे संगमरवरी खांब सोडले तर उरलंय काय? बाकी सगळं जुन्या चित्रांवरून रचायचं. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

ओळंबा: दोघेही २१ मे २००३चा, अल्जियर्सजवळचा बुमेर्देस भूकंप विसरताय, ६.८चा. अशा वास्तूत उंच बुरूज आणि बुटकं दालन वेगवेगळ्या लयीत हलतात, म्हणून तडा दोघांच्या सांध्यावर जातो. आधी तड्यावर जिप्समच्या पट्ट्या लावून काही महिने पाहायचं. पट्टी फुटली तर तडा जिवंत, मग भराव कुचकामी; आधी पोलादी सळ्यांनी भिंती ताणून बांधा. स्थिर असेल तर अर्ध्या मीटरवर भोकं पाडून धुवा आणि पातळ चुना *खालून वर* भरा. वरच्या भोकातून चुना डोकावला की खालचं बूच बंद. वरून ओतलात तर हवा अडकते, भिंत आत पोकळच राहते. आणि सिमेंट नकोच. समुद्र हाकेच्या अंतरावर. ओल कोंडली की मीठ दगडातच स्फटिक होतं नि पापुद्रे सुटतात. यावर मधोमध नवा घुमट म्हणजे नवे खांब, नवा पाया. भूकंपाच्या पट्ट्यात हा हट्ट कशाला?

किब्ला_रेषा: घुमटाचं सोडलं. पण दाराच्या २३ पायऱ्या चढणाऱ्याला कळायला हवं की १७९४चं काय नि १८४५नंतरचं काय. कोणती मशीद पाडली हे तिथे ठळक लिहा.

गवंडीकाम: पाटीला ना नाही. मात्र तिच्यावर २ नोव्हेंबर १९६२ही घाला. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यानंतरचा पहिला खुत्बा (शुक्रवारचं प्रवचन) धर्मपंडित बशीर इब्राहिमींनी दिला तो याच भिंतींत, १७९४च्या नव्हे.