कागदपत्रांसाठी कुलूपवाली पेटी कुठली घ्यावी? (चिपळूण, दमट घर)

वाशिष्ठीकाठ: आईबाबा चिपळूणला असतात. खरेदीखत, पॉलिस्या, पासपोर्ट, बाबांचं मृत्युपत्र सगळं गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात पिशवीत कोंबलंय. २०२१ च्या पुरात आळीत बऱ्याच जणांच्या कागदांचा लगदा झाला, आम्ही थोडक्यात वाचलो. फायरप्रूफ पेटी घेऊ का? कुणी वापरतंय का?

गंजका_खिळा: फायरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ नाही हो, दुकानदार दोन्ही एकाच दमात बोलून जातो. शिवाय त्या पेटीच्या भिंतीत जे भरलेलं असतं त्यातच पाणी धरलेलं असतं, आग लागली की त्याची वाफ होते आणि आतला कागद वाचतो, पण एरवी तोच दमटपणा आत उतरतो आणि कोकणात तर बघायलाच नको, बुरशी नक्की. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून उघडून वारा द्या. डांबरगोळ्यांनी झुरळं जातील, ओल नाही जाणार.
तुमच्याकडे खरी भीती पुराची. ट्रेकवाले वापरतात ती ड्राय बॅग घ्या, त्यात कागद, बॅग साध्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माळ्यावर. छोटी पेटी चोर आख्खी उचलून नेतो म्हणून भिंतीला बोल्ट मारा, पण किल्ली घरात दोघांकडे हवी.

जुनी_फाईल: आधी निवड करा. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, आधार-लायसन्स डिजिलॉकरला आहे, त्यांच्यासाठी कशाला जागा अडवायची. मूळ खरेदीखत मात्र जपा. सर्टिफाइड कॉपी दुय्यम निबंधकाकडे मिळते, तरी विकताना किंवा कर्ज घेताना मूळच मागतात आणि ते हरवलं असेल तर पोलिसात तक्रार, पेपरात नोटीस, नुसता वैताग. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका!!

गुळांबा: सरळ बँकेत लॉकर घ्या ना

जुनी_फाईल: @गुळांबा चालेल, पण पूर-भूकंपात नुकसान झालं तर बँक जबाबदार नाही, तसा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाने केलेली अफरातफर असेल तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. आणि मृत्युपत्र एकट्या बाबांच्या नावाच्या लॉकरात नको, नंतर तेच काढायला घरच्यांची धावपळ होते.

वाशिष्ठीकाठ: हे डोक्यातच नव्हतं आलं. मग ड्राय बॅग आणि माळा. बाबा म्हणतायत माळ्यावर चढणार कोण, ते आता आईशी ठरवतील. बोल्ट मारायला कुणी ओळखीचं आहे का चिपळुणात?