वाइन टेस्टिंगला गेलो, पण चांगली-वाईट ठरवायची कशी?

वडगावचा_पक्या
मागच्या रविवारी कल्याणीनगरला एका हॉटेलात युरोपियन वाइनचं टेस्टिंग होतं, बायकोला ऑफिसातून पास मिळाले म्हणून गेलो. शाब्ली आणि मोझेलची रीसलिंग या दोन व्हाइट, बोर्दो आणि बरोलो या दोन रेड, अशा चार होत्या. सांगणारा माणूस प्रत्येक ग्लासात नाक खुपसून ओला दगड, शिंपले, पेन्सिलीचं शिस, डांबर, सुकलेला गुलाब असं काय काय सांगत होता आणि आजूबाजूची मंडळी माना डोलवत होती. मला शाब्ली आंबट लागली, बरोलोनं हिरड्या पार आवळल्या आणि आवडली ती रीसलिंग, कारण गोड होती (बायको म्हणाली हे कुणाला सांगू नकोस). तर ज्याला वास ओळखता येत नाहीत त्याला वाइन चांगली की साधी हे कळू शकतं का, की शेवटी सगळं किमतीवरच? शनिवारी घरी मित्र येतायत, दोन-तीन बाटल्या उघडायच्यात आणि पैसे पाण्यात जायला नकोत.

तळघर
पक्याभाऊ, वासांची यादी सध्या बाजूला ठेवा, आधी तोंडात काय होतंय ते बघा. घोट घ्या, सगळीकडे फिरवा, गिळा नाहीतर थुंका (टेस्टिंगला थुंकण्यात काही गैर नाही, ते भांडं त्यासाठीच असतं) आणि मग जरा गप्प बसा. गालांच्या आतून लाळ सुटायला लागली की ती ॲसिडिटी, जितकी जास्त सुटेल तितकी ती जास्त. जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ तुरट, कोरडी पडली की ते टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं आणि रेड सालीसकट आंबवतात, म्हणून रेडमध्ये जाणवतं आणि व्हाइटमध्ये फारसं नाही. घशात गरम लागलं ते अल्कोहोल. या तिघांपैकी एकच कुणी पुढे येऊन आरडाओरडा करत असेल आणि फळाची चव मागे दबली असेल तर वाइन जमलेली नाही.

मग बघायचं चव किती वेळ टिकते. फ्रेंच लोकांनी त्यासाठी एककच काढलंय, कोडाली, एक कोडाली म्हणजे एक सेकंद. साधी वाइन गिळली की संपली, चांगली रेंगाळते आणि रेंगाळताना बदलत जाते. नुसता कडवटपणाच रेंगाळत असेल तर त्याचे मार्क नाहीत हां.

आणि रीसलिंग आवडली यात लाजण्यासारखं काय आहे? मोझेल हा जर्मनीतला थंड भाग, तिथे द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो, काबिनेट या हलक्या प्रकारात अल्कोहोल कधीकधी ८-९ टक्केच असतं आणि गोडवा त्या आंबटपणावर तोललेला असतो, म्हणून गोड असूनही ती गुळमट लागत नाही आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. शाब्ली म्हणजे फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्तर टोकाची, शार्डोने द्राक्षाची वाइन, बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत केलेली, त्यामुळे तिच्यात लाकडी पिंपातल्या शार्डोनेसारखं लोणी-व्हॅनिला शोधत बसू नका, आंबट लागली म्हणजे तुमची जीभ ठीक आहे. बरोलो इटलीची, तिचं द्राक्ष नेब्बिओलो, रंगाला फिकट पण टॅनिन जबरदस्त. नियमानं किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की कडेला विटकरी झाक दिसते. ती मटणासोबत प्यायची गोष्ट, नुसती प्यायलात तर हिरड्या आवळणारच.

संशयात्मा_४११०३८
हे सगळं ठीक पण एक विसरू नका, २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांचा एक पेपर आला होता, त्यात वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली आणि मग तीच वाइन वास नसलेला लाल रंग घालून दिली, तर पोरांनी लाल ग्लासासाठी चक्क रेड वाइनचे शब्द लिहिले. आणि १९७६ ला पॅरिसमध्ये बाटल्या झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची चव घेतली तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच रेड आणि व्हाइट दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली काढली. त्यामुळे मान डोलवणाऱ्यांना फार घाबरायचं कारण नाही.

तळघर
मान्य, पण त्या पोरांना वासाचे शब्द लिहायचे होते आणि तिथेच डोळा नाकाला फसवतो. म्हणून तर मी आधी लाळ आणि हिरड्या म्हटलं. पॅरिसवाल्यांनी लेबलं झाकली ते बरोबरच केलं, पक्याभाऊंनीही बाटल्या पेपरात गुंडाळाव्यात आणि किंमत सगळ्यात शेवटी सांगावी.

डेक्कनची_माई
अरे पण पुण्याच्या उन्हाळ्यात रेड रूम टेंपरेचरला देऊ नकोस बाबा!! ते रूम टेंपरेचर तिकडच्या थंड घरांचं, १६-१८ डिग्री, आपल्याकडे हॉलमध्येच तिशीच्या वर असतं आणि मग नुसतं अल्कोहोल नाकात जातं. तुमच्या हॉटेलात बोर्दो कोमट होती का ते आठव. रेड अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेव, व्हाइट उलट दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढ कारण बर्फासारखी गार वाइन काहीच बोलत नाही. ग्लास तिसरा हिस्साच भर म्हणजे गोल फिरवता येतो. उदबत्ती बंद, सेंट लावून आलेल्याला गॅलरीत बसव. बाटलीतून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला आणि फळाचा वासच गेलेला असला तर कॉर्क बाधलाय, म्हणजे बुचामुळे वाइन बिघडलीय, ती बाजूला ठेव. बुचाचे चार कण तरंगले तर मात्र काही बिघडत नाही, तळाचे काचेसारखे खडेही द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडच्या क्षाराचेच असतात. आणि तिखट शेव-फरसाण रेडबरोबर अजिबात नको, टॅनिन आणि मिरची एकत्र आली की तोंडाची वाट लागते. तिखटच करणार असशील तर तुझी ती गोड रीसलिंग काढ.

वडगावचा_पक्या
माई, बोर्दो कोमटच होती, आता लक्षात आलं! तर ठरलं, शाब्ली, मग एक रेड आणि जेवणात तांबड्या रश्श्याबरोबर रीसलिंग. बरोलो सध्या राहू दे, किंमत बघितली.

संशयात्मा_४११०३८
झाकलेल्या बाटल्या तपासायला तटस्थ माणूस लागतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.