स्पोर्ट्स कारचे मोल वजनावरून ठरवावे का?

मार्गस्थ
मित्राची पहिल्या पिढीतील लोटस एलिस नुकतीच चालवून पाहिली आणि स्पोर्ट्स कारचे मोल अश्वशक्तीपेक्षा वजनावरून ठरवावे, हे माझे मत पक्के झाले. १९९६ साली विक्रीस आलेल्या या उघड्या टपाच्या गाडीचे १.८ लिटरचे इंजिन जेमतेम ११८ अश्वशक्ती देते. परंतु ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली तिची चेसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, ७० किलोंच्या आत आहे आणि संपूर्ण गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास भरते. स्टिअरिंगला पॉवरची मदत नसल्याने उभ्या गाडीत ते जड लागते. गाडी चालू लागताच मात्र हलके होते आणि पुढच्या चाकांना किती पकड मिळते आहे, हे तळहातांना कळू लागते. ब्रेकलाही सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी मदत, नाही, त्यामुळे पाय जितका दाबावा तितकीच गाडी थांबते. त्याच कंपनीची एमिरा आज चौदाशे किलोंच्या पुढे गेली आहे. ती कितीतरी वेगवान आहे हे मान्य, पण हा वेग आपल्या हातापायांशी बोलतो का?

उंबरठा
आपला आनंद खरा आहे, निष्कर्ष मात्र एकांगी वाटतो. त्या एलिसला एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही, घसरण सावरणारी यंत्रणाही नाही. तिचे काही वजन या गोष्टी वगळल्यामुळेच वाचले आहे. ७०० किलोंची आणि १४०० किलोंची अशा दोन गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर जड गाडीच्या वेगात सुमारे ३३ किलोमीटरचा बदल होतो आणि हलकीच्या वेगात सुमारे ६७ चा. हा दुप्पट धक्का हलक्या गाडीत बसलेल्यांच्या शरीराला सोसावा लागतो. शिवाय इंजिन पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे असलेल्या अशा गाडीत वळणाच्या मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर भार पुढे सरकतो आणि मागची चाके पकड सोडू शकतात. दुसऱ्याची गाडी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याला तर हे अधिकच जोखमीचे.

मार्गस्थ
टकरीचे गणित मला मान्य आहे. मात्र अपघात टाळण्याची क्षमताही सुरक्षिततेतच मोजायला हवी. त्याच वेगाला निम्म्या वजनाच्या गाडीत गतिज ऊर्जा निम्मीच असते, मग ती निम्म्या अंतरात थांबायला नको का?

कासरा
नाही, येथे दुरुस्ती आवश्यक आहे. वजन निम्मे झाले की टायरची पकडही घटते, त्यामुळे थांबण्याचे अंतर निम्मे होत नाही. भार दुप्पट केल्यावर पकड दुपटीहून किंचित कमी वाढते, एवढ्यापुरताच हलक्या गाडीला फायदा मिळतो. तिचा मोठा लाभ निराळा आहे: ब्रेक कमी तापतात, अरुंद टायर पुरतात, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि खडबडीत रस्त्यावरही चाके जमीन सोडत नाहीत. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, सुरक्षितता आणि हलकेपणा यांतून एकच निवडावे लागते हे गृहीतकच तपासायला हवे. माझदाची एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार १९८९ साली आली तेव्हा हजार किलोंच्या आत होती. २०१५ मधील चौथ्या पिढीत एअरबॅग, एबीएस आणि स्थैर्य-नियंत्रण (घसरण सावरणारी यंत्रणा) असूनही ती हजार किलोंच्या जवळपासच राहिली.

उंबरठा
एमएक्स-५ चे उदाहरण मी मनापासून स्वीकारतो. माझा आक्षेप वजनाला नव्हता, संरक्षण वगळून कमावलेल्या हलकेपणाला होता. तरीही लहान मुलांना घेऊन रोज ये-जा करणाऱ्याला मी एलिस सुचवणार नाही.

मार्गस्थ
रोजच्या वापरासाठी मीही ती सुचवणार नाही. परंतु उत्पादकांनी प्रत्येक नव्या पिढीत अश्वशक्ती वाढवल्याची जाहिरात करताना वाढलेले वजनही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे, ही माझी मागणी कायम आहे.